साळवे साहेबांचा हिरवा उजेड

गेल्या महिन्यात आमच्या हॅचरीत नवं मशीन आलं. हॅचरी म्हणजे अंडी उबवायचा कारखाना. नगरहून नेवाशाकडे निघालं की रस्त्याच्या डाव्या अंगाला पत्र्याची एक लांबलचक शेड दिसते, ती आमची. मशीनचं दार उघडलं की आत सगळं हिरवंगार. पुण्याहून आलेला सेल्समन म्हणाला, "सर, एकदम लेटेस्ट आहे. अंड्यात असल्यापासून हिरवा प्रकाश मिळाला, की पुढे पिल्लाचं वजन चांगलं भरतं." आमचे शेठ अशी मान डोलवत होते, जशी काही ही गोष्ट त्यांच्या कानावर जन्मात पहिल्यांदाच पडत होती.

माझ्या तोंडून निघून गेलं, "चांगलं म्हणजे, कशाच्या तुलनेत?"

सेल्समन गोंधळला. शेठ मात्र चपापले. तो प्रश्न माझा नव्हता, हे त्यांनाही कळलं आणि मलाही. तो साळवे साहेबांचा होता, आणि साहेबांना जाऊन आता दोन वर्षं होत आली.

साहेब आमचे मॅनेजर. मी डिस्पॅच बघायचो, म्हणजे एक दिवसाची पिल्लं खोक्यांत भरून टेम्पोत चढवायची आणि कुठली कुठे गेली ते लिहून ठेवायचं. साहेबांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "काय डिस्पॅच, जेवलात का?" असं विचारायचे. बेताची उंची, खोचलेला शर्ट, आणि खिशाला दोन पेनं, एक निळं, एक काळं. डोळ्याने दिसलं ते निळ्याने लिहायचं आणि मनाला वाटलं ते काळ्याने, असा त्यांचा नियम होता. त्यांची रजिस्टरं अजून कपाटात आहेत. पानंच्या पानं निळी आहेत. काळी शाई शोधावी लागते.

"कशाच्या तुलनेत?" हा प्रश्न ते बारा महिने, तेरा काळ विचारत. चहा फक्कड झालाय म्हटलं की, कशाच्या तुलनेत? यंदा ऊन जास्त आहे म्हटलं की, कशाच्या? वहिनी सांगायच्या, की लग्नात कुणीतरी "मुलगी नाकीडोळी नीटस आहे" म्हणालं, तेव्हा जावई काय विचारेल या धास्तीने त्यांच्या वडिलांनी साहेबांच्या शेजारी एक माणूस बसवून ठेवला होता. गोष्ट खोटी असावी, पण केडगावात त्यांच्या गल्लीत ती सगळ्यांना पाठ होती. त्यांच्या दारात दोन गुलाब होते. एकाला मासळी धुतलेलं पाणी, दुसऱ्याला साधं. दुसरा तुलनेसाठी. वर्षभराने मी विचारलं, काय निघालं? म्हणाले, "फुलं सारखीच आली. पण पहिल्याला मांजरं जास्त."

अशा माणसाच्या डोक्यात हिरवा उजेड शिरला, हे आमच्या हॅचरीचं भाग्य म्हणायचं की साहेबांचं दुर्दैव, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं. एक दिवस त्यांनी मला काळोख्या खोलीत नेलं, अंड्याखाली टॉर्च धरला आणि अंडं आतून उजळलं. तसं ते आम्ही रोजच करायचो, जीव धरलाय की नाही बघायला. साहेब म्हणाले, "डिस्पॅच, उजेड बाहेर येतो म्हणजे आतही जात असणार. कोंबडी अंड्यावर बसते, ती दिवसातून घटकाभर उठते. चार दाणे खाते, पाणी पिते. तेवढ्यात अंड्यांवर ऊन-उजेड पडतो. आपण मात्र त्यांना अठरा दिवस काळोखात कोंबतो. उद्या कुणी तुम्हाला कोंबलं तर?"

मी म्हटलं, "शेठ कोंबतातच."

ते हसले नाहीत. त्यांनी शेठकडे जाऊन दोन जुनी छोटी मशीनं मागून घेतली. एकात हिरव्या दिव्यांच्या पट्ट्या, दुसऱ्यात अंधार. बाकी ऊब, ओल, अंडी, सगळं सारखं. वाढ कोणाची जास्त होते ते बघायचं. एवढीच साधी गोष्ट.

पण नगर जिल्ह्यात रंग ही साधी गोष्ट नाही. हिरव्या पट्ट्या आल्या आणि शेडमध्ये कुजबूज सुरू झाली. शेठचे मेहुणे राजकारणात होते. त्यांनी विचारलं, "साहेब, हिरवाच का? भगवा घ्या, भगव्यात काय कमी आहे?" साहेबांच्या वस्तीतल्या पोरांनी वेगळंच धरलं. "काका, आपला निळा सोडून तुम्ही हिरव्याच्या मागं?" पिल्लं न्यायला येणारा शेवगावचा एक व्यापारी तर हळूच म्हणाला, "आमच्यासाठी एवढं केलंत, शुक्रिया." साहेब सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे. "निळा माझ्या घरावर आहे, तो तिथेच राहील. मशीनमधला रंग अंड्याला विचारून ठरवलाय."

पहिली बॅच निघाली. हिरव्या उजेडातल्या पिल्लांची खोकी वेगळी काढून आम्ही भेंडे गावाकडच्या एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये सोडली. शेडच्या मधोमध जाळी, एकीकडे उजेडातली, दुसरीकडे अंधारातली. वजनं घ्यायला गेलो तर उजेडातली पिल्लं चांगली भरदार. शेठना फोन गेला. दुसऱ्या दिवशी शेठनी पेंटरला बोलावून हॅचरीच्या गेटवर पाटी सांगितली सुद्धा, 'येथे हिरव्या उजेडातील पिल्ले मिळतील.'

साहेब मात्र पुन्हा त्या शेडवर गेले आणि दुपारभर तिथे नुसते बसून राहिले. शेतकरी भला माणूस. बोलता बोलता म्हणाला, "साहेब, उजेडाची पिल्लं म्हणल्यावर आमी त्यांना खिडकीच्या बाजूला ठिवलं. पान्यात गूळ घातला. खास पिल्लं हायेत म्हणल्यावर कराया नको व्हय?"

साहेबांनी परत येऊन निळ्या पेनाने लिहिलं, 'फरक गुळाचा.' पेंटरला परत पाठवलं. शेठ म्हणाले, "अहो, गूळ काय, उजेड काय, वजन वाढलं ना?" साहेब म्हणाले, "शेठ, मग पाटीवर गूळ लिहा." त्या दिवसापासून शेठनी त्यांच्या प्रयोगाला 'साळव्यांचं खूळ' असं नाव दिलं.

मग साहेब इरेला पेटले. कुठली पिल्लं उजेडातली हे पाळणाऱ्याला कळू द्यायचं नाही. वजन घेणाऱ्यालाही नाही. स्वतः साहेबांनाही शेवटपर्यंत नाही. यादी माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. आणि अशा कडेकोट बंदोबस्तात एकामागून एक तीन बॅचा निघाल्या.

तिन्ही वेळा यादी उघडली. तिन्ही वेळा वजनं सारखी. फरक शून्य.

तिसरी यादी साहेबांनी घडी घालून मला परत दिली. मग उठले, आपणहून शेठच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "उजेडाचा काही उपयोग दिसत नाही. पट्ट्या काढून घ्या." दुसरा कुणी असता तर चौथी बॅच मागितली असती, अंड्यांना नाव ठेवलं असतं, विजेला ठेवलं असतं. हा माणूस आपल्याच विरुद्ध साक्ष देऊन आला. शेठनी पट्ट्या काढल्या आणि आपल्या बंगल्याच्या गेटला लावल्या. मला त्या दिवशी दोघांचाही राग आला होता, शेठचा जरा जास्त. त्यानंतर निवृत्तीपर्यंत साहेबांनी उजेडाचं नाव काढलं नाही. मशीनच्या खोलीत जायचे, आकडे लिहायचे, दार लोटून बाहेर यायचे.

आता कौसाबाईंबद्दल सांगायला हवं. मशीनच्या खोलीची झाडलोट, मशीनमध्ये पाणी भरणं, ट्रे पुसणं, हे त्यांचं काम. नेवाशाच्या पलीकडे कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला त्यांचं गाव. पूर्वी दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या, गुडघे गेल्यावर हॅचरीत लागल्या. बोलणं कमी, हात सतत चालू. साहेब त्यांना अहोजाहो करत आणि त्यांच्या कामावर डोळे मिटून विश्वास ठेवत. डोळे मिटून, हे शब्दशः घ्यावं.

साहेबांच्या निवृत्तीचा कार्यक्रम शेडमध्येच झाला. शाल, नारळ, पेढे. शेठनी भाषणात सांगितलं, की साहेबांनी खूप प्रयोग केले, यश येणं न येणं नशिबाचा भाग. टाळ्या झाल्या. माणसं पांगली. कौसाबाई पदर सावरत पुढे आल्या.

"सायेब, येक बोलू का? त्या उजेडाच्या पायी तुमी लई हिरमुसला हुता. आमाला काय उमगलं न्हाई. पिल्लं समदी सारकी निघाली, ह्यात वंगाळ काय हुतं? आमी तर बराबर पाळी लावली हुती."

"कसली पाळी?" साहेबांनी विचारलं.

"ट्रेची. आज ह्या मशीनीतले ट्रे त्या मशीनीत, उद्या त्यातले ह्यात. मी आन् कामावरली शेवंता, दोघी मिळून."

साहेबांच्या एका हातात नारळ होता, तो तसाच राहिला. म्हणाले, "का पण?"

"अवो, का म्हंजी? निम्म्यास्नी उजेड आन् निम्मी अंधारात. अंधारातल्यांनी काय पाप केलं हुतं? आमी टेलचे हाव, सायेब. कालव्याला पानी सुटलं की वरल्या गावांचं शिवार भिजतं, आन् आमच्यापतुर येईस्तवर पाळी सरती. म्हनलं, हितं तरी आपल्या हाताखाली तसं व्हायाला नको."

मी कपाळावर हात मारला. तीन बॅचा, माझं कपाट, माझी किल्ली, आणि इकडे एक दिवसाआड अंडी या मशीनमधून त्या मशीनमध्ये. मी काहीतरी बोलणार होतो आणि ते चांगलं असणार नव्हतं. साहेबांनी मला हाताने थांबवलं.

"कौसाबाई, हे किती दिवस?"

"पयल्या दिसापासनं. येक पाळी चुकू दिली न्हाई," त्या अभिमानाने म्हणाल्या.

"चुकू दिली नाही ना? मग उत्तम," साहेब म्हणाले.

मग त्यांनी मला जुनं रजिस्टर काढायला लावलं. आता ते मॅनेजर नव्हते, पण मी दिलं. त्यांनी निळं पेन काढून तिसऱ्या बॅचच्या खाली लिहिलं, 'तिन्ही वेळा दोन्हीकडील अंड्यांना उजेड समान मिळाला. मी उजेड-अंधाराच्या पाट्या मशीनच्या दारावर लावल्या, ट्रेवर लावल्या नाहीत. चूक माझी.' खाली सही केली. नारळ कौसाबाईंच्या हातात दिला आणि बाहेर पडले.

मी शेठकडे गेलो, म्हटलं, प्रयोग झालाच नव्हता, पुन्हा करू या. शेठ म्हणाले, "आता कुठं? पट्ट्या गेटवर छान दिसतात."

मला वाटलं विषय संपला. पण महिन्याभराने केडगावला गेलो तर साहेबांच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली दोन थर्माकोलची खोकी. एकात हिरवा दिवा, एकात नाही. गावरान अंडी. या वेळी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीची खूण. वहिनींना ओट्याच्या त्या बाजूला जायला मनाई. "सत्तावीस वर्षं संसार केला, आणि माझ्यावर विश्वास नाही," वहिनी मला म्हणाल्या. साहेब म्हणाले, "कौसाबाईंवर होता." वीज गेली की ते एकाच गोधडीचे दोन पदर दोन खोक्यांवर घालायचे आणि दोन्ही पदर सारखे आहेत ना, हे हाताने मोजून बघायचे.

पिल्लं निघाली. दोन्हीकडची चौदा-चौदा ठेवली. आता पायात दोरे बांधायचे होते, आणि साहेबांना कळता कामा नये कुणाला कुठला. ते रस्त्यावर जाऊन शेजारच्या कंपाउंडकडे तोंड करून उभे राहिले. आत मी आणि वहिनी. दोऱ्याचा रंग ठरवायला अर्धा तास गेला. हिरवा, निळा, भगवा वगळायचा. पिवळा म्हटलं तर तोही कुणाचा ना कुणाचा आहेच. शेवटी पांढरा आणि काळा घेतला. कुणाला पांढरा आणि कुणाला काळा ते मी चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी माझ्या पाकिटात ठेवली.

"पाळायला कुणाकडे द्यायची?" मी विचारलं.

"कौसाबाईंकडे."

मला वाटलं साहेबांचं डोकं फिरलं. म्हटलं, "ज्या बाईने तीन बॅचा नासवल्या, तिच्याकडे?"

"डिस्पॅच, त्या शेतकऱ्याने आवडत्या पिल्लांना गूळ घातला. तुम्ही घालाल, मीसुद्धा घालेन. दोघांना एका नजरेने बघणारं माणूस या जिल्ह्यात मला एकच माहीत आहे. आता उजेडाचं काम झालंय. आता पाळी सारखी लावली तर ते मला हवंच आहे."

मी खोकी भरली. पिल्लं टेलच्या गावी गेली.

दोन महिन्यांनी आम्ही माझ्या मोटारसायकलवर वजनं घ्यायला निघालो. साहेब खूप उतरले होते. छातीचं दुखणं होतं, डॉक्टरने प्रवास नको म्हटलं होतं, वहिनी माझ्यावर रागावल्या होत्या. वाटेत चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "चिठ्ठी आहे ना?" मी म्हटलं, आहे. "दाखवू नका." नाही दाखवत. थोड्या वेळाने, "मी मागितली का?" नाही मागितली. "मागितली तरी देऊ नका." एवढ्या वर्षांत मी त्यांना असं अधीर पाहिलं नव्हतं. पुढे तीन महिन्यांनी ते वारले. पण या प्रवासाला ते आपल्या एकुलत्या एका प्रश्नाचं उत्तर आणायला निघाले होते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

कौसाबाईंचं अंगण सारवलेलं, कोपऱ्यात कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलेलं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पिल्लं जिवंत. पाय वाढतील तसा दोरा रुतू नये म्हणून त्यांनी दर आठवड्याला तो सोडून सैल बांधला होता. साहेबांनी आधी रिकामा काटा तपासला. मग मी एकेक पिल्लू धरलं, त्यांनी वजन वाचलं आणि लिहिलं. पांढऱ्यांची बेरीज केली, काळ्यांची केली. पुन्हा केली.

सारखी. अगदी सारखी.

साहेबांनी वही मिटली. निळ्या पेनाला टोपण घातलं. मला त्यांच्याकडे बघवेना. ते म्हणाले, "ठीक आहे. उजेडाने काही होत नाही. आता शंका उरली नाही."

कौसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "भरली ना सायेब समदी सारकी?" त्या खुशीत होत्या. "लई जपलं. ती पांढऱ्या दोऱ्याची जरा मागं पडत हुती, पयल्यापासनं. काळ्या दोऱ्याची भराभर वाढायची आन् ही आपली बारकी. मग त्यांना येगळं डालग्याखाली घेऊन मूठ-मूठ जास्ती टाकली. आता बघा, कोन पुढं न्हाई, कोन मागं न्हाई."

साहेबांनी माझ्यापुढे हात केला. मी पाकिटातून चिठ्ठी काढून दिली. त्यांनी ती उलगडली, वाचली, आणि मला परत दिली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पांढरा: अंधार.'

मी जवळजवळ ओरडलोच, "साहेब, म्हणजे तुमचं खरं होतं!"

"वजनं सारखी आहेत, डिस्पॅच," ते म्हणाले. "मागं पडत होती ती कुणी मोजली? कशाच्या तुलनेत मोजली?"

त्यांनी वही उघडून निळ्या पेनाने लिहिलं, 'वजने समान. निष्कर्ष नाही.' मग निळं पेन खिशाला लावलं, काळं काढलं, आणि त्या ओळीखाली दोन शब्द लिहिले. 'बहुतेक, हो.' शाई वाळेपर्यंत ते त्या दोन शब्दांकडे बघत बसले.

निघताना मी गाडी सुरू केली तरी ते आले नाहीत. वळून पाहिलं तर ते डालग्यापाशी उकिडवे बसले होते. कौसाबाईंच्या सुपातून त्यांनी मूठभर कण्या घेतल्या होत्या. जन्मात कधी कुठल्या पिल्लाला एक दाणा जास्त न टाकलेला हा माणूस पांढऱ्या दोऱ्याची पिल्लं बघून बघून त्यांच्यापुढे चिमूट चिमूट टाकत होता, आणि काळ्या दोऱ्याचं एखादं मध्ये घुसलं की त्याला हाताने हळूच बाजूला सारत होता.